मोबाइल प्रॉक्सीचा छोटा धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात छोट्या कंपन्यांची नेटवर्कची कामं करतो. कुठल्याशा व्हिडिओत 'दहा डोंगल लावा, घरबसल्या डॉलर कमवा' असं बघून फोन करणारे बरेच असतात. त्यांचे प्रश्न आणि मी दरवेळी देतो ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कायद्याबद्दल लिहिलंय ते वाचून समजलेलं आहे. मी वकील नाही. पैसे गुंतवायच्या आधी वकिलाला नक्की विचारा.

मोबाइल प्रॉक्सी म्हणजे नेमकं काय विकायचं?

गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर थेट वेबसाइटकडे जात नाही. आधी तो तुमच्या यंत्राकडे येतो, आणि तुमचं यंत्र सिमकार्ड घातलेल्या डोंगलमधून किंवा फोनमधून त्याची मागणी पुढे पाठवतं. समोरच्या वेबसाइटला वाटतं, हा जिओचा किंवा एअरटेलचा कुणी मोबाइलधारक आहे. एका सिमला एक 'पोर्ट' म्हणतात. विक्री महिन्याला एक पोर्ट अशी होते किंवा जीबीच्या भावानं. गिऱ्हाइकाला तुम्ही पत्ता, पोर्ट क्रमांक, नाव आणि पासवर्ड देता. तो ते एचटीटीपी किंवा सॉक्स-५ प्रॉक्सी म्हणून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो. तांत्रिक बाजूनं धंदा इतकाच आहे, आणि खरं सांगायचं तर हीच बाजू सगळ्यात सोपी आहे.

साध्या सर्व्हरच्या आयपीपेक्षा मोबाइलच्या आयपीला जास्त किंमत का?

आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. त्याच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिकचा साठा २०११ सालीच तळाला गेला. त्यामुळे मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे खूप ग्राहक बसवतात. याला कॅरिअर-ग्रेड नॅट, बोलीभाषेत सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारा पत्त्यांचा एक पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवला गेला. एखाद्या वेबसाइटनं असा पत्ता बंद केला, तर एका खोडकराबरोबर शेकडो सज्जन गिऱ्हाइकंही बाहेर पडतात. म्हणून वेबसाइटवाले मोबाइलच्या पत्त्यांना जपून हात लावतात. गर्दीत लपता येतं, आणि त्या गर्दीची किंमत वसूल केली जाते.

यात एक मेख आहे. जिओसारखं नेटवर्क आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत भरपूर वापरतं. समोरची साइट आयपीव्ही६ वर चालत असेल तर ती ते पत्ते बघते, आणि तिथे ही गर्दी नसते, प्रत्येक सिमचा पत्ता वेगळा असतो. 'मोबाइल आयपी म्हणजे कुणी ब्लॉक करूच शकत नाही' असं गिऱ्हाइकाला सांगू नका.

विकत घेतं कोण?

सरळ गिऱ्हाइकं आहेत, आणि त्यांची कामं रोजची आहेत. जाहिरात कंपन्यांना बघायचं असतं की आपली जाहिरात एअरटेलच्या फोनवर खरंच दिसते का आणि दाबल्यावर भलत्याच पानावर तर जात नाही ना. ॲप बनवणाऱ्यांना आपलं ॲप भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर किती वेळात उघडतं ते तपासायचं असतं. दुकानदारी करणाऱ्यांना स्पर्धकांचे भाव बघायचे असतात. शोधात आपलं पान कितव्या क्रमांकावर येतं हे मोजणारेही असतात.

वाकडी गिऱ्हाइकं जास्त आहेत आणि पैसेही तीच पटकन देतात. खोटी खाती, खोटी लाइक, खोटे रिव्ह्यू, चोरीच्या कार्डांची चाचपणी ही त्यांची कामं. आपल्याकडचा खास नमुना म्हणजे तत्काळ तिकिटं. गणपतीत कोकणात जायला सकाळी १० आणि ११ वाजता लाखो माणसं मोबाइल धरून बसतात, आणि त्याच मिनिटाला बॉट शंभर खात्यांतून धडकतात. परवानगीशिवाय तिकिटांची दलाली रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १ जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीवर तत्काळसाठी आधार पडताळणी आली ती याच टोळ्यांमुळे. 'सकाळी दहा ते साडेअकराच पोर्ट हवाय' असं कुणी म्हणालं तर पुढे काही विचारायची गरज नाही. फोन ठेवा.

भारतात हा धंदा कायदेशीर आहे का?

प्रॉक्सी सॉफ्टवेअर चालवणं हा गुन्हा नाही. अडचण सिमपाशी सुरू होते, आणि ती तीन बाजूंनी येते.

पहिली बाजू परवान्याची. इंटरनेट किंवा दूरसंचार सेवा लोकांना विकायला सरकारी परवाना लागतो. दुसऱ्याचं नेटवर्क घेऊन विकणाऱ्यांसाठीही 'व्हर्च्युअल नेटवर्क ऑपरेटर' नावाचा वेगळा परवाना आहे. आपण इंटरनेट विकत नाही, सॉफ्टवेअरची सेवा विकतो, असा युक्तिवाद करता येतो. पण वीस डोंगल दिवे लुकलुकवत बसलेल्या खोलीत उभं राहून तो करायची वेळ येऊ नये. पोलिसांच्या डोळ्यांसमोर पहिलं चित्र येतं ते सिमबॉक्सचं, म्हणजे परदेशी कॉल लोकल करून फिरवणाऱ्या बेकायदा टेलिफोन एक्स्चेंजचं. तुमचं यंत्र आणि ते यंत्र दिसायला भावंडं आहेत.

दुसरी बाजू मोबाइल कंपनीच्या अटींची. तुमचा २ जीबी रोजचा प्लॅन वैयक्तिक, अव्यापारी वापरासाठी असतो. पोर्ट विकलात की अट मोडली, कंपनी सिम बंद करू शकते आणि तुम्हाला तक्रारीला जागा नाही.

तिसरी बाजू सर्ट-इनची, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी डेटा सेंटर, क्लाउड आणि व्हीपीएन सेवा देणाऱ्यांवर गिऱ्हाइकाची ओळख पडताळून ती तो सोडून गेल्यावरही पाच वर्षं जपण्याची सक्ती केली. त्यानंतर आलेल्या प्रश्नोत्तरांत व्हीपीएन सेवादाता म्हणजे कोण हे सांगताना सामान्य लोकांना 'इंटरनेट प्रॉक्सीसारखी सेवा' देणारा अशीच शब्दरचना वापरली आहे. आपण छोटे आहोत म्हणून सुटलो, असा अर्थ त्यातून काढू नका. नॉर्डव्हीपीएन, एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क या मोठ्या कंपन्यांनी तेव्हा भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. त्यांना वकिलांची कमतरता नव्हती.

घरच्यांच्या नावावर सिम घेतली तर?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर पाठ झालंय. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे ६. दूरसंचार कायदा २०२३ नुसार मर्यादा ओलांडली की पहिल्यांदा ५० हजार आणि नंतर २ लाखांपर्यंत दंड. फसवून किंवा दुसऱ्याचं सोंग घेऊन सिम मिळवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर कुणालाही बघता येतं.

आईच्या, आत्याच्या, गावाकडच्या चुलतभावाच्या नावावर सिम घेऊन डोंगलमध्ये घालणारे मी पाहिलेत. उद्या त्या सिमवरून कुणी बँकेला गंडा घातला तर चौकशीला आत्याला जावं लागेल. तिला डोंगल म्हणजे काय हेही माहीत नसेल.

कंपनीच्या नावानं गठ्ठ्यानं सिम घेण्याची जुनी सोय २०२३ मध्ये बंद करण्यात आली. त्याजागी आलेल्या 'बिझनेस कनेक्शन'मध्ये सिम प्रत्यक्ष वापरणाऱ्या प्रत्येकाची केवायसी लागते. रितसर मार्ग तोच आहे. मोबाइल कंपनीच्या बिझनेस विभागाला आपला वापर लेखी सांगा आणि उत्तरही लेखीच मागा.

डोंगलचा आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक) बदलावा असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं. बदलू का?

नाही. हा थेट फौजदारी गुन्हा आहे. परदेशी मार्गदर्शिका इथे तुमच्या उपयोगाच्या नाहीत.

मग छोट्या माणसानं करायचं तरी काय?

माझं मत विचाराल तर पोर्ट विकू नका, काम विका. जाहिरात तपासायची आहे ना? गिऱ्हाईक यादी देईल, तपासणी तुमच्या यंत्रावरून तुम्ही करा आणि स्क्रीनशॉट-सकट अहवाल द्या. ॲपची चाचणी असेल तर ती तुमच्या फोनांवर करा आणि आकडे द्या. यात सिममधून काय गेलं ते तुम्हाला माहीत असतं, कारण ते तुम्हीच पाठवलेलं असतं. अनोळखी माणसाला तुमच्या नावाचा दरवाजा उघडून दिला जात नाही. कमाई हळू वाढते, पण चार-पाच सिमवर भागतं आणि पुण्या-मुंबईच्या एजन्सीला बिल देऊन तुम्ही समोरासमोर बसू शकता.

माझा शहाणपणा फुकटचा नाही. पहिल्या वर्षी ओळखीतल्या ओळखीवर मी एक पोर्ट एकाला दिला होता, 'फक्त इन्स्टाग्रामसाठी' म्हणून. तीन आठवड्यांनी सायबर पोलिसांचा फोन आला. कुणाच्या तरी नावाचं खोटं खातं त्या सिमवरून चाललं होतं. माझ्याकडे त्या गिऱ्हाइकाचं टेलिग्रामवरचं नाव होतं आणि तेही त्यानं तोवर बदललं होतं. दोन दिवस जबाब देण्यात गेले. नशीब, कुणाचे पैसे गेले नव्हते.

यापुढची तांत्रिक उत्तरं पोर्ट विकणं आणि काम विकणं या दोन्ही प्रकारांना लागू आहेत. यंत्र सारखंच लागतं.

सामान काय लागतं?

एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर, यूएसबी डोंगल, स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी हब, ब्रॉडबँड आणि यूपीएस. रास्पबेरी पाय ४ चालतो. पण त्याच्या सगळ्या यूएसबी जागा मिळून १.२ अँपिअरच देतात, आणि सिग्नल कमजोर असताना डोंगल वीज अधाशासारखी खातं. थेट पायला चार डोंगल जोडलेत तर ती आळीपाळीनं गायब होत राहतील आणि तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसाल.

डोंगलमध्ये ह्युवावे ई३३७२ जुनं आणि नावाजलेलं, खाली येणारा वेग १५० एमबीपीएसपर्यंत. घेताना बँड, म्हणजे ते कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतं ते, बघा. जिओकडे २जी, ३जी नाहीच, आणि ४जी साठी ते बँड ३, ५ आणि ४० वापरतात. परदेशातून आलेल्या स्वस्त डोंगलला बँड ४० बऱ्याचदा नसतो.

या डोंगलचं एक दुखणं नवशिक्याला हमखास छळतं. प्रत्येक डोंगल स्वतःला १९२.१६८.८.१ हाच पत्ता देतं. दोन लावली की कॉम्प्युटर गोंधळतो. एकेक जोडून प्रत्येकाचा पट्टा बदलावा लागतो, एकाला १९२.१६८.११, दुसऱ्याला १९२.१६८.१२ असा. मग लिनक्समध्ये प्रत्येकाला वेगळा राउटिंग टेबल द्यायचा, म्हणजे ज्या डोंगलची मागणी त्याच डोंगलमधून बाहेर पडेल. वर थ्रीप्रॉक्सी हे फुकट सॉफ्टवेअर बसवलं की प्रत्येक डोंगलला एक पोर्ट तयार.

जुने अँड्रॉइड फोनही वापरतात. चोवीस तास चार्जिंगला लावलेल्या फोनची बॅटरी फुगते. एप्रिल-मे महिन्यात बंद खोलीत हे प्रकरण गमतीचं राहत नाही. पंखा लावा आणि फोन एकमेकांवर रचू नका.

सीजीनॅट असेल तर गिऱ्हाईक बाहेरून आत येणार कसं?

सिमच्या बाजूनं येऊच शकत नाही. सार्वजनिक पत्ता असलेला छोटा व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधला सर्व्हर, भाड्यानं घ्या, मुंबईतला घेतलात तर विलंब कमी. तुमचं यंत्र ब्रॉडबँडवरून त्या व्हीपीएसशी वायरगार्ड या सॉफ्टवेअरनं खासगी बोगदा जोडून ठेवतं. गिऱ्हाईक व्हीपीएसवर येतं, बोगद्यातून तुमच्या यंत्रावर आणि तिथून डोंगलमधून बाहेर. पोर्ट नाव-पासवर्डाशिवाय कधीही उघडे ठेवू नका. जगभर उघड्या प्रॉक्सी हुडकणारे रोबो अखंड फिरत असतात, तुमची प्रॉक्सीही त्यांना सापडायला वेळ लागणार नाही. मेल पाठवायचा पोर्ट २५ कायमचा बंद ठेवा, म्हणजे स्पॅम मेलचा मुख्य रस्ता बंद होतो.

आयपी बदलतो कसा?

डोंगलला नेटवर्कपासून तोडून परत जोडायचं, फोनवर तेच एअरप्लेन मोडनं. काही सेकंद जातात आणि साठ्यातला दुसरा पत्ता मिळतो. कधीकधी तोच परत येतो, तेव्हा पुन्हा तोडा. दर मिनिटाला हे करत राहिलात तर टॉवरच्या नोंदींमध्ये तुमचं सिम वेड्यासारखं उड्या मारताना दिसतं, हेही ध्यानात घ्या.

'कोल्हापूरचा आयपी', 'नाशिकचा आयपी' असं विकता येईल?

शब्द देऊ नका. मुंबई हे वेगळं दूरसंचार सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. पण तुमची वाहतूक इंटरनेटला कंपनीच्या मोठ्या शहरातल्या दारातून मिळते, आणि आयपीवरून गाव सांगणाऱ्या यादीत बऱ्याचदा तेच शहर दिसतं. डोंगल रंकाळ्याच्या काठावर ठेवलं तरी समोरच्याला मुंबई दिसू शकते. गोव्याचा पत्ता हवा म्हणून पणजीत खोली घ्यायला निघालेल्या एकाला मी यावरूनच थांबवलं होतं.

खर्चाचा हिशेब कसा मांडायचा?

आधी प्लॅनकडे बघा. रोजचे २ जीबी, २८ दिवसांचे ५६ जीबी. गिऱ्हाइकानं १० एमबीपीएसनं सलग ओढलं तर रोजचा कोटा सत्तावीस मिनिटांत संपतो, आणि पुढे ६४ केबीपीएसवर सगळं रांगायला लागतं. त्यामुळे 'अमर्याद पोर्ट' हे शब्द जाहिरातीत घालायच्या आधी दोनदा विचार करा. २८ दिवसांचं रिचार्ज म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. नवखे लोक हे तेरावं नेमकं विसरतात.

दुसरं, एकाच खोलीतली एकाच कंपनीची आठ सिम एकाच टॉवरच्या एकाच बाजूला लटकलेली असतात. आठ पोर्ट म्हणजे आठपट वेग असं होत नाही. संध्याकाळी सगळी सोसायटी क्रिकेट बघायला बसली की तुमचे आठही पोर्ट एकदम सुस्तावतात. कंपन्या वेगवेगळ्या ठेवा. व्हीपीएस, ब्रॉडबँड, वीज, जळालेली डोंगल आणि तुमचा रात्रीचा वेळ हेही मांडा. शेवटची बाब बहुतेक जण मांडत नाहीत.

लॉग ठेवले तर गिऱ्हाईक पळेल ना?

पळणारं गिऱ्हाईक पळू द्या. साखळी अशी चालते: वेबसाइट पोलिसांना आयपी, पोर्ट क्रमांक (त्या जोडणीचा तांत्रिक आकडा, तुम्ही विकता तो पोर्ट नव्हे) आणि वेळ देते. मोबाइल कंपनी आपल्या नोंदींतून त्या क्षणी तो पोर्ट कुठल्या सिमला दिला होता ते काढते. या नोंदी दोन वर्षं जपायची अट २०२१ च्या अखेरीस परवान्यात आली. सिम तुमच्या नावावर. साखळी तिथे थांबते, आणि पुढची कडी फक्त तुम्ही दाखवू शकता.

म्हणून नोंद हवी: कुठलं गिऱ्हाईक, कुठून आलं, कुठल्या पोर्टवर, कुठे गेलं, कधीपासून कधीपर्यंत. गिऱ्हाइकानं पाहिलेला मजकूर नको. सर्ट-इनच्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवणं, सायबर घटना सहा तासांत कळवणं आणि घड्याळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळवणं आहे. घड्याळाचा मुद्दा फालतू वाटतो. पण तुमच्या नोंदीत पाच मिनिटांची चूक असेल तर तुम्ही भलत्याच गिऱ्हाइकाकडे बोट दाखवाल.

यूएसडीटीत (डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टोत) पैसे घेऊ का?

धंदा म्हणून नको. क्रिप्टोतून कोण पैसे देतंय हे कळत नाही, आणि ते रुपयांत करताना अनोळखी खात्यातून आलेली रक्कम कुणाच्या तरी फसवणुकीची निघाली तर तुमचं खातं गोठतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केलेल्या तक्रारीचा धागा एका खात्यातून दुसऱ्यात असा सरकत येतो. नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस हा भाग त्यानंतरचा. बँकेतून, बिलावर, करार करूनच घ्या.

सिमऐवजी लोकांच्याच फोनमध्ये ॲप टाकून आयपी गोळा केले तर?

असं चालतं, आणि शेवट कसा होतो तेही जगानं पाहिलंय. फुकट व्हीपीएन ॲपमधून लोकांची यंत्रं गुपचूप प्रॉक्सी बनवणारं '९११ एस५' नावाचं जाळं मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं मोडलं. त्यात जवळपास १ कोटी ९० लाख आयपी पत्ते होते. ते चालवल्याच्या आरोपावरून एकाला अटक झाली. तुम्ही दुसऱ्याकडून घाऊक आयपी घेऊन विकणार असाल तर त्याला आधी हेच विचारा: तुझे पत्ते कुणाच्या फोनमधले आणि त्या माणसाला हे माहीत आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर सौदा सोडा.

नोंदणी, जीएसटी?

यात फार काही नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते. हाताखाली थोडीच माणसं असतील तर महाराष्ट्रात गुमास्ता म्हणजे आता नुसती सूचना द्यायची. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी, दर १८ टक्के. परदेशी गिऱ्हाइकाचं काम निर्यात ठरतं का, ते सीएला विचारा.

बंद करायचं ठरवलं तर?

सिम नुसती काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका, कंपनीला कळवून बंद करा आणि पोचपावती ठेवा. सोडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, तेव्हा त्यावर तुमचं बँक खातं किंवा ओटीपी लटकलेला नाही ना ते आधीच बघा. व्हीपीएस बंद करण्यापूर्वी लॉग उतरवून घ्या. गिऱ्हाइकांची कागदपत्रं पुढची पाच वर्षं कुलपात ठेवायची आहेत. डोंगल विकणार असाल तर फॅक्टरी रीसेट मारा, आणि आतलं सिम काढलंय का ते पुन्हा एकदा बघा. मी एकदा विसरलो होतो. घेणारा भला होता, म्हणून कुरिअरनं परत आलं.